रॉकेलवरची मोटार

लढाईच्या दिवसांत पेट्रोलला कूपनं लागली आणि लोणावळ्यातल्या बंगलेवाल्यांच्या मोटारी एकेक करून शेडमध्ये जाऊन बसल्या. माझी मात्र रोज बाहेर पडत होती. बाजारपेठेच्या मागे माझा बायकामुलांचा दवाखाना होता आणि निम्मे रोगी नाणे मावळात नाहीतर पवन मावळात असायचे. बैलगाडीच्या भरवशावर राहिलं तर अडलेल्या बाळंतिणीपाशी मी पोचणार कधी? म्हणून लढाईच्या थोडं आधी वडिलांनी, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, खंडाळ्याच्या एका पारशी बाईंकडून जुनी मोटार घेतली होती. बाईंचे यजमान वारले होते आणि ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. कापडी टप, लाकडी आऱ्यांची चाकं, आणि भोंगा असा की म्हशी बुजायच्या.

या मोटारीत एक वेगळेपण होतं. ती रॉकेलवर चालायची. सुरू करायला वाटीभर पेट्रोल पुरे. इंजिन चांगलं तापलं की पायापाशी एक तोटी होती ती फिरवायची, की पुढचा सगळा रस्ता रॉकेलवर. रॉकेलसुद्धा काही मुबलक नव्हतं, पण दवाखान्याच्या नावावर मिळे, त्यातलं मी राखून ठेवत असे. गावात शिरायच्या आधी गाडीचा वास पोचायचा. "घासलेटचा वास आला, म्हंजी बाई आल्या," असं लोक म्हणत. बाईमाणूस मोटार चालवतं याचं आश्चर्य संपलं, पण त्या वासाचं कौतुक बरेच दिवस टिकलं.

हे सगळं घडत होतं ते बॉनेटखालच्या एका पितळी-लोखंडी यंत्रामुळे. नेहमीच्या मोटारीत कार्बुरेटर मुठीएवढा असतो. आमचा नारळाएवढा होता. त्यातून एक तांब्याची नळी निघून एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीला वेढे घालून परत येई. त्या वेढ्यांत रॉकेलची वाफ व्हायची आणि ती वाफ इंजिनात जायची. यंत्रावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं की नंबर नव्हता. लोखंडावर कानशीचे ओरखडे अजून दिसत होते. हातानं बनवलेली वस्तू होती ती.

मला सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. गाडी चालते आहे ना, मग झालं. पण एका दुपारी मी पवन मावळातून परत येत होते. बेडशाचा चढ चढून गाडी उताराला लागली, मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला आणि बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू आली. चहाच्या किटलीच्या चोचीतून वाफ फुटते तशी. मला वाटलं, पाखरू असेल. खाली येऊन सपाटीवर पुन्हा पाय दिला तर इंजिन एकदा जोरात ठसकलं आणि बॉनेटच्या फटीतून जाळाची पिवळी जीभ बाहेर येऊन आत गेली. मी गाडी थांबवून खाली उडी मारली. बॉनेट उघडलं. काही नव्हतं. जळक्या कापडाचा वास तेवढा येत होता. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून वाट पाहिली, मग गाडी सुरू केली आणि घरी आले. जेवताना मी नानांना सगळं सांगितलं.

नाना रेल्वेच्या लोको शेडमधून रिटायर झालेले. घाटात मागून लावायची वाफेची इंजिनं त्यांच्या हाताखाली असत. विजेची इंजिनं आली आणि नानांचं मन त्या कामातून उडालं. तेव्हापासून ते घरात एका जागी बसत नसत. अंगणातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून अंगणात असा त्यांचा दिवस जायचा. मोटारीला ते हलकं यंत्र समजत. पण माझं बोलणं ऐकल्यावर ते ताटावरून उठले आणि कंदील घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले.

"शिट्टी वाजली म्हणजे वाफ जाऊ नये तिथून जाते आहे," ते म्हणाले. "हे कुणी केलंय ते कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही."

मलाही पडत नव्हती. दवाखान्यात एखादीची नाडी बघता बघता मी रस्त्यावरच्या मोटारीचा आवाज ऐकत बसे. गावच्या रस्त्याला उतार आला की मी पायाची बोटं आवळून धरी. बाजारातल्या मोटार मिस्त्रीला दाखवलं. त्यानं यंत्र उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, असलं मी अजून बघितलं नाही. याचं पुस्तक नाही, सुटे भाग नाहीत. मी हात लावला आणि बिघडलं तर तुम्ही मला धराल." शिट्टीचं सांगितलं तर त्याला हसू आलं. मग मी शिट्टीचं कुणाला सांगायचं सोडून दिलं.

एका रविवारी नाना आणि मी खंडाळ्याला त्या पारशी बाईंकडे गेलो. बाई थकल्या होत्या, पण बोलणं खणखणीत. त्यांनी व्हरांड्यात चहा दिला. नानांनी यंत्राचा विषय काढताच त्यांनी कप खाली ठेवला.

"ते अजून गाडीवर आहे?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही काढून दुसरं बसवलं असेल."

त्यांच्या यजमानांना यंत्रांचा शौक होता. मुंबईत मेकॅनिकचं शिक्षण घेतलेला भाजे गावचा एक तरुण त्यांनी कामाला ठेवला होता. बंगल्यामागच्या शेडमध्ये हे दोघे दिवसदिवस रॉकेलवर मोटार चालवायच्या नादात असत. त्या तरुणानं दोन कार्बुरेटर बनवले. एक या मोटारीवर बसला, दुसरा दुसऱ्या मोटारीवर.

"आणि दुसरी मोटार?" नानांनी विचारलं.

"ती घाटात जळली," बाई म्हणाल्या. "ड्रायव्हर जगला. पण त्या पोरानं त्यानंतर शेडमध्ये पाऊल ठेवलं नाही. पगार घ्यायलासुद्धा आला नाही. साहेबांनी ही गाडी मग वापरलीच नाही, पण ते यंत्र काढूही दिलं नाही. माया होती त्यांची त्याच्यावर."

परत येताना नाना गाडीत बसायला तयार नव्हते. "मी बॉयलर फुटलेला पाहिला आहे," एवढंच म्हणाले. मी पेट्रोलवर हळूहळू गाडी चालवत आणली आणि ते शेजारी दाराची कडी हातात धरून बसले, उडी मारायच्या तयारीत.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही आगगाडीनं मळवलीला उतरलो आणि भाज्याला चालत गेलो. भातं पोटरीला आली होती. माणूस शोधायला वेळ लागला नाही. "मुंबईवाले भाऊ" म्हटल्यावर पहिल्याच बाईनं खाचराकडे बोट दाखवलं. बांधावर उभा राहून एकजण फावड्यानं पाण्याला वाट करून देत होता. चाळिशीचा असेल, अंगानं शिडशिडीत. मी ओळख सांगितली तेव्हा त्यानं अदबीनं हात जोडले. यंत्राचं नाव काढलं तेव्हा तो पुन्हा फावडं मारायला लागला.

"काढून टाका ते," तो म्हणाला. बोलणं शहरी होतं. "घणानं फोडा आणि भंगारात द्या."

"भाऊ, दोष कशात आहे तेवढं सांगा. आम्ही दुरुस्त करून घेऊ."

"दोष कळला असता तर मी हितं चिखलात उभा असतो का, बाई?" तो म्हणाला. "जळलेलं यंत्र मी घरी आणून खोललं. एकेक भाग घासून पाहिला. नळीच्या जोडाला डाग मी स्वतः दिला होता, तोच सुटला असणार. दुसरं काही सापडलं नाही. तुम्ही त्या गाडीत बसू नका."

नानांनी आणखी काही विचारायचा प्रयत्न केला, पण तो बांधाबांधानं लांब गेला. आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला अवकाश होता. नाना फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिले, आणि घरी पोचल्यावर त्यांनी हत्यारं काढून तो कार्बुरेटर मोटारीवरून उतरवला. मी विरोध केला. आम्ही दोघं कधी नव्हे ते मोठ्यानं बोललो.

"मला गावांतून बोलावणी येतात," मी म्हणाले. "मी जाऊ कशी?"

"जशी सगळी जातात तशी," नाना म्हणाले. "मला एकच मुलगी आहे."

त्या जागी मिस्त्रीनं साधा कार्बुरेटर बसवला. कूपनांवर मिळणारं पेट्रोल महिन्याच्या सुरुवातीलाच संपे. मोटार दाराशी उभी राही आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत असे.

अशात काले गावाहून एक माणूस सायकल मारत आला. त्याची सून सकाळपासून अडली होती. पेट्रोल नव्हतं. मी आगगाडीनं कामशेतला गेले आणि तिथून त्यानं ठरवलेल्या बैलगाडीत बसले. बैल चांगले होते, गाडीवानही मनानं चांगला होता, पण चढावर बैल ते बैलच. मी उतरून चालायला लागले, मग धापा टाकत पुन्हा गाडीत बसले, मग पुन्हा उतरले. गाडीवान म्हणाला, "बाई, तुमी चालून बैल पळत न्हाईत." मी पोचले तेव्हा बाई जगवता आली. मूल हाती लागलं नाही. मुलगा होता. त्या घरातल्या कुणी मला शब्दानं दुखावलं नाही. सासऱ्यानं मला पिशवीभर तांदूळ दिले आणि मी ते नाही म्हणू शकले नाही.

घरी येऊन मी नानांना सगळं सांगितलं. ते ऐकत उभे होते. मग आत जाऊन गोणपाटात गुंडाळलेला कार्बुरेटर घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला.

"उद्या पुन्हा भाज्याला जाऊ," ते म्हणाले. "यावेळी त्याच्या हातात देऊ."

यावेळी आम्ही थेट त्याच्या घरी गेलो. तो शेतावरून यायचा होता. त्याच्या बायकोनं आम्हाला पडवीत घोंगडी टाकून बसवलं आणि गूळपाणी दिलं. तिच्या नजरेतून गोणपाट सुटलं नव्हतं, पण तिनं विचारलं नाही. पडवीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. तिचा धाकटा भाऊ. त्याचे हात मी पाहिले आणि मला उठून त्याच्याजवळ जावंच लागलं. दोन्ही हातांची बोटं तळव्याकडे वळून आखडली होती, कातडी चकचकीत आणि ताणलेली. जुनं भाजणं. वेळीच बोटं सुटी ठेवून बांधली असती तर एवढी आखडली नसती.

मी त्याच्यासमोर बसून एकेक बोट हलवून पाहत होते. रोग्याला विचारायची सवय, म्हणून विचारलं, "कसं झालं हे?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"मोटार जळली," तो म्हणाला. "घाटात. मी चालवत व्हतो."

तेव्हा मला समजलं की खंडाळ्याच्या बाईंनी सांगितलेला ड्रायव्हर हाच. मी त्याचा हात सोडला नाही. नाना पुढे सरकून बसले.

"आग लागायच्या आधी काय झालं?" मी विचारलं. "आठवतं तेवढं सांगा. काही दिसलं? वास आला?"

"वास तर घासलेटचा नेहमीच यायचा. शिंगरोबाच्या देवळाच्या वर उतारावर व्हतो. पाय काढून घेतलावता." तो थांबला. "आदी शिट्टी वाजली."

मी नानांकडे पाहिलं.

"कसली शिट्टी?"

"बारीक. किटली फुरफुरती तशी. म्या म्हनलं, असंल काय तरी. मग वळनावर पाय दिला आनि इंजिन ठसकलं. फुडचं सगळं पेटलं. दार उघडत न्हवतं, म्हून हातानं ढकललं."

"मीसुद्धा ऐकली आहे ती," मी म्हणाले. "बेडशाच्या उतारावर. अगदी अशीच."

"हे तू कधी सांगितलं न्हाईस."

आवाज मागून आला. शेतावरून आलेला मुंबईवाला भाऊ अंगणात उभा होता, खांद्यावर फावडं तसंच. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या मेहुण्यानं मान खाली घातली.

"तुमी कधी इचारलं न्हाई, दाजी."

भाऊनं फावडं भिंतीला टेकवलं, पाय धुतले, पुन्हा धुतले, आणि येऊन गोणपाटापाशी बसला. उघडायला त्याचा हात होईना. शेवटी नानांनी ते उलगडलं. यंत्र दिसल्यावर त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, आणि त्या क्षणी त्याच्या हातांची चाल बदलली. बोटं आपोआप योग्य जागी जाऊन बसली. त्यानं नानांकडून पाना घेऊन वरचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. टक, टक असा आवाज येऊ लागला.

"ही झडप," तो नानांना म्हणाला. "पाय दिला की ही उघडते, वाफ आत जाते. पाय काढला की मिटते, वाफ बंद. ही मिटलेली असली तर इंजिनातून उलटा येणारा जाळ रॉकेलपर्यंत पोचूच शकत नाही. बघा, किती मोकळी आहे. जळलेल्या यंत्रातली पण अशीच मोकळी होती. हिच्यात दोष नाही."

नानांनी त्यात बोट घालून पाहिलं. टक, टक. मग ते म्हणाले, "शिट्टी वाजते म्हणजे पाय काढल्यावरही वाफ जाते आहे. म्हणजे ही मिटत नाही."

"मिटते की. बघताय ना."

"आता मिटते. थंड आहे," नाना म्हणाले. "तू जळलेलं खोललंस तेव्हा तेही थंडच असणार."

भाऊ झडपेशी चाळा करत होता ते थांबला. तो उठला आणि यंत्र घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेला. त्याची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती.

"तवा उतर," तो म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या चुलीवर ते चढायचं न्हाई. तुमी धा लोकांत त्याचं नाव काढलं न्हाई इतकी वर्सं, आनि मी माझ्या भावाचे हात रोज बघते. त्याला घास भरवते. आता पुन्यांदा ते या घरात पेटवायचं न्हाई."

"त्यात घासलेट नाही. नुसतं तापवायचं आहे," मी म्हणाले.

"तुमाला काय ठावं, बाई?" ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

तेव्हा पडवीतून मेहुणा उठून आला. दारात तिच्या अगदी जवळ उभा राहिला. "अक्का, तवा उतर," तो म्हणाला. "मला बी बघायचंय."

मग थापलेली भाकरी परातीत तशीच टाकून तिनं तवा बाजूला घेतला आणि स्वतः भिंतीला लागून उभी राहिली, पदर तोंडाशी धरून.

भाऊनं चिमट्यानं यंत्र जाळावर धरलं. पितळेवर काळे-निळे रंग चढू लागले. मधूनमधून तो लांब खिळ्यानं झडप हलवून पाहत होता. टक. टक. आम्ही सगळे त्या आवाजाकडे कान लावून होतो. नानांच्या पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरत होता. काही वेळानं आवाज मंद झाला. मग भाऊनं खिळा लावला आणि काहीच आवाज आला नाही. त्यानं जोर दिला. झडप अर्धी उघडी राहून घट्ट बसली होती. तो ढकलत राहिला, ती हलेना.

त्यानं यंत्र जमिनीवर ठेवलं.

"झडपेची दांडी पितळेची, ती बसते ते घर लोखंडाचं," तो म्हणाला. "पितळ जास्त फुगतं. हे पोराला पण ठाऊक असतं. मी... मी दरवेळी थंड झाल्यावर खोलत होतो."

"म्हंजी," मेहुणा म्हणाला, "माझा पाय न्हवता चुकला?"

भाऊनं वर पाहिलं. "तुझा पाय?"

"साहेबांनी सांगितलंवतं, उतारावर गाडी गेरमधनं काढू नको. मी काढलीवती. घासलेट वाचंल म्हून. म्या म्हनलं, त्यानंच पेटली. तुमचं यंत्र चांगलं व्हतं, म्याच घालवलं. तुमी शेड सोडली ती माझ्यापायी."

"अरं," भाऊ म्हणाला. तो उठून बाहेर निघून गेला. अंगणातून गोठ्याकडे, गोठ्याकडून विहिरीकडे. आम्हाला दारातून तो फिरताना दिसत होता. त्याच्या बायकोनं यंत्राला वळसा घालून चुलीवर तवा चढवला. भाकरी थापताना तिचे डोळे गळत होते आणि ती ते पुसत नव्हती.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाऊ जेवायला आला तोपर्यंत त्यानं कानस शोधून कमरेला खोचली होती. नानांशी त्याचं बोलणं सुरू झालं ते संपेना. दांडी केसभर बारीक करायची, घराला थोडी जागा ठेवायची, तापवून पाहायचं, पुन्हा घासायची. शेवटची आगगाडी चुकते की काय अशी मला धास्ती लागली.

त्यानंतरचे दिवस मला लांबच लांब वाटले. नाना एकआड एक दिवस भाज्याला जात आणि परत येऊन मला फक्त "अजून नाही" म्हणत. एकदा मी वैतागून म्हणाले, "एवढ्या वेळात नवं झालं असतं." नाना म्हणाले, "तो दिवसातून कितीदा तापवतो माहीत आहे का? त्याला खात्री पटत नाही. मला पटली आहे, पण मी त्याला सांगत नाही." शेवटी एका सकाळी भाऊ स्वतः यंत्र घेऊन लोणावळ्याला आला. बरोबर मेहुणा होता.

यंत्र बसवून झाल्यावर भाऊ म्हणाला, "घाट उतरून पाहायला हवा. मी चालवतो."

"गाडी माझी आहे," मी म्हणाले. "तिची सवय मला आहे."

"मी म्होरं बसनार," मेहुणा म्हणाला. "शिट्टी मला कळंल."

कुणी त्याला नको म्हटलं नाही. दार आतून त्याला उघडता येणार नाही म्हणून नानांनी त्याच्या बाजूचं दार बिजागरीतून काढूनच ठेवलं. भाऊ आणि नाना मागे बसले. खंडाळ्याच्या पुढे मी तोटी फिरवली, रॉकेलचा वास आला आणि शेजारच्या माणसाचा श्वास जोरात चालू लागला. घाटात लष्कराच्या लॉऱ्या वर येत होत्या, त्यांना वाट द्यायला पुन्हा पुन्हा थांबावं लागे. उतार लागला. मी पाय काढून घेतला. इंजिनाचा घर्रऽऽ आवाज, वाऱ्यानं टपाचं कापड फडफडत होतं, आणि मी प्रत्येक आवाजात शिट्टी शोधत होते. शेजारी पाहिलं तर त्यानं डोळे मिटले होते आणि मान बॉनेटकडे कलती केली होती.

देवळाच्या वरच्या वळणावर मी पाय दिला. इंजिनानं ओढ घेतली. ठसका नाही, काही नाही. आम्ही देवळापर्यंत खाली गेलो. तिथं गाडी थांबवली तेव्हा कळलं की माझ्या तळहाताला हातातल्या चाकाचे वळ उठले आहेत. मेहुणा उतरला, दोन पावलं चालला आणि रस्त्याच्या कडेला ओकला. भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

"पुन्यांदा वर जाऊन उतरू," मेहुणा तोंड पुसून म्हणाला. आणि आम्ही खरोखर पुन्हा वर गेलो आणि पुन्हा उतरलो.

लढाई संपेपर्यंत ती मोटार रॉकेलवर चालली. मी काले गावालाही पुष्कळदा गेले. त्याच सुनेची पुढची मुलगी माझ्याच हातून झाली. आठवड्याला एकदा भाऊ येऊन यंत्र तापवून तपासत असे. मेहुण्याच्या हातांवर मी पुण्याच्या एका सर्जनकडून शस्त्रक्रिया करवून घेतली. उजव्या हाताची बोटं थोडी उलगडली, भाकरीचा तुकडा मोडण्याइतकी. डाव्याचा उपयोग झाला नाही.

त्यांच्या घरात मात्र फरक पडला होता. मी कधी भाज्याला गेले की पडवीतून दोघांचा वाद ऐकू येई. नळीचे वेढे किती असावेत, झडप खालून बसवावी की वरून. भाऊची बायको मला म्हणाली, "आदी दोगंबी मुकी व्हती. आता झोपंतबी बडबडत्यात. डोकं उठलंय माझं." आणि दोघांना चहा द्यायला उठली.

पेट्रोल सुटलं तेव्हा मी साधा कार्बुरेटर बसवून घेतला. भाऊला मी आणखी काही यंत्रं बनवायला सुचवलं होतं, मुंबईत कुणाला दाखवायलाही सांगितलं. तो म्हणाला, "आता कोण घेणार, बाई? पेट्रोल मिळतंय." त्यानं ते यंत्र परत मागितलं आणि मी ते दिलं. पुढं त्यानं ते पाणी उपसायच्या इंजिनावर बसवलं असं मी ऐकलं. पाहायला जायचं मनात होतं, पण नाना गेल्यावर माझं तिकडं जाणं कमी झालं आणि ते राहून गेलं.